थोरल्या गेमची पैसेवारी

लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसाला मुलीच्या बापानं हात जोडून विचारलं, "जेवण बरं झालं ना?" तर माणूस काय म्हणतो? "उत्तम" म्हणतो. मठ्ठ्यात पाणी जास्त असलं तरी उत्तमच म्हणतो. आमचे मधुकरभाऊ ताटावरून उठले, ओला हात झटकला आणि म्हणाले, "बासष्ट पैसे."

मुलीचा बाप दमलेला होता. त्याला काही कळेना, तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "चांगलं झालं म्हणतात ते. साठच्या वर म्हणजे फारच चांगलं." तेव्हा कुठे तो पुढच्या पाहुण्याकडे वळला.

मधुकरभाऊ माझे शेजारी. घाटंजीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आणि एक कढीपत्त्याचं झाड आहे. ते तलाठी होते. बत्तीस वर्षं त्यांनी पिकांची पैसेवारी काढली. पीक पूर्ण आलं तर शंभर पैसे, निम्मं आलं तर पन्नास. शेतात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं, आणि त्यावरून साऱ्या गावाचा आकडा काढायचा. पन्नासच्या आत आला तर सरकारची मदत येते. पन्नासच्या वर गेला तर कोणी विचारत नाही. आमच्या तालुक्यातलं पोर बाराखडीच्या आधी पन्नासचा अर्थ शिकतं.

भाऊ निवृत्त झाले, पण पैसेवारी काही सुटली नाही. चहा चाळीस पैसे. नव्या डॉक्टरचं औषध पंचावन्न. माझ्या सूनबाईंनी हौसेनं केलेला केक तेहतीस, आणि तो आकडा ऐकून ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू काही पैसेवारी मी काढली होती. कोणी काही मत मागितलं की आधी ते म्हणणार, "पाहणी केल्याबिगर बोलत नाई." मग पाहणी करणार आणि मग असं काही बोलणार की विचारणाऱ्याला वाटावं, उगाच विचारलं.

निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात. कोणी देवळाच्या ओट्यावर बसतो, कोणी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. मधुकरभाऊ व्हिडिओ गेम किती विकला जाईल याचा अंदाज काढतात.

हो, व्हिडिओ गेमच. मोबाईलवरचे नव्हेत, टीव्हीला डबा जोडून खेळतात ते मोठे, महागाचे. आमच्या तालुक्यात असे डबे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके असतील. भाऊंच्या घरी त्यातला एकही नाही. स्वतः भाऊंनी आयुष्यात पत्तेसुद्धा खेळलेले नाहीत.

याचं मूळ त्यांची मुलगी अंकिता. ती माझी विद्यार्थिनी, सातवीत असताना भूगोलाच्या वहीत नकाशांपेक्षा माती जास्त काढायची. आता ती पुण्याला एका परदेशी गेम-कंपनीच्या शाखेत आहे आणि तिथेही मातीच काढते. गेममधला शूर पुरुष ज्या जमिनीवर धावतो, पडतो, मरतो, ती जमीन अंकिता करते. भाऊंना हे प्रथम कळलं तेव्हा ते संध्याकाळभर अस्वस्थ होते. "मास्तर," ते मला म्हणाले, "पोरगी हजारो एकर जमीन करून राह्यली, अन् एकाही गुंठ्याचा सातबारा नाई. उद्या बांधावरून भांडणं झाले तं?"

एका दिवाळीला अंकिता घरी आली असताना, आवडीची अंबाडीची भाजी खाता खाता म्हणाली की ऑफिसात सगळ्यांना वर्षभर एकच घोर असतो, गेम किती विकेल. अंदाज करायला मोठी माणसं ठेवली आहेत, तरी आकडा चुकतो.

"पाहणी करतात का?" भाऊंनी विचारलं.

"कसली पाहणी, बाबा?"

"शिवारात जाऊन."

"नाही. ऑफिसात बसून करतात."

"मंग चुकनच," भाऊ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी शोएबच्या दुकानात गेले.

शोएब आमच्या गावातला टीव्ही, मिक्सर आणि मोबाईल दुरुस्त करणारा. चाळिशीला आलेला, दोन मुलींचा बाप, पण दुकानामागच्या खोलीत त्यानं तो डबा ठेवलेला आहे आणि दुपारी शटर अर्धं ओढून तो खेळतो. त्याची आई, जिला सारी आळी खाला म्हणते, आतल्या स्वयंपाकघरात असते. पहिल्या दिवशी भाऊ मोजायची टेप घेऊन गेले होते. काय मोजायचं ते सापडेना, म्हणून त्यांनी टीव्ही मोजला आणि वहीत लिहिला. मग खुर्ची टाकून बसले. शोएब खेळत राहिला. आतून खालानं हाक मारली, "शोएब, खाना लग गया." तो हलला नाही. पुन्हा हाक आली, आणखी दोनदा आली.

भाऊंनी पेन उघडलं. "खाला, रोज किती हाका मारा लागतात?"

"दो," खाला आतून म्हणाली. "आज चार हो गई. नया गेम लाया ना."

झालं. पीक कशात तोलायचं ते भाऊंना सापडलं. जेवणाच्या हाका! एका हाकेत माणूस उठला तर गेम दहा पैशांचा, पाच हाका लागल्या तर पन्नासचा. अटी तीन. खेळणारा भुकेला असावा, जेवण खरंच तयार असावं, आणि हाक मारणारी माउली मनापासून चिडलेली असावी. लटकी हाक धरत नाहीत. शोएबचं घर हा पहिला चौकोन. दुसरा मुकुटबनला, एका औषध-दुकानदाराच्या घरी, तिथे त्याची बायको हाका मारते. तिसरा यवतमाळला. भाऊ एसटीनं जातात, पाहणी करतात, तिन्हीची सरासरी काढतात.

आणि प्रत्येक पाहणीचा पंचनामा होतो. शोएबच्या घरी पंच दोन, एक मी आणि दुसरी खाला. खाला उर्दूत सही करते. एक पंचनामा मला पाठ आहे. "सदर इसम समक्ष हजर असून त्याने सदर गेम खेळण्यास सुरुवात केली. तिसऱ्या हाकेस 'आलो' असे म्हणाला, परंतु आला नाही. चौथ्या हाकेस काही म्हणाला नाही. पाचव्या हाकेस मातोश्री स्वतः पोळी हातात घेऊन आल्या. येणेप्रमाणे पंचनामा वाचून दाखविला, बरोबर आहे."

वाचून दाखविला हे काही खरं नव्हे. आमच्याकडे पंच आधी सही करतो आणि मजकूर मागाहून येतो. पंचाला घरी जायची घाई असते, लिहिणाऱ्याला अक्षर नीट काढायचं असतं. मीही कोऱ्या पानाखाली सही ठोकून मोकळा होत असे. शाळेत मुलांना न वाचता सही करू नका असं सांगणारा मी, पण भाऊंच्या पानावर काय वाचायचं? जे दिसलं तेच ते लिहिणार, हे सारा तालुका जाणतो.

मी गणितही शिकवलेलं आहे. म्हणून एकदा वाद घातला. "भाऊ, तीन घरांवरून जगाचा आकडा? असं असतं का कुठे?"

"साऱ्या गावाचं पीक कापून पाह्यता काय, मास्तर? मंग गाव खाईन काय?"

आणि आकडे खरे ठरले. ज्या गेमचा कंपनीनं गाजावाजा केला होता, त्याला भाऊंनी तेहतीस दिले आणि तो आपटला. एका साध्या, कोणी न मोजलेल्या गेमला त्र्याहत्तर दिले, तो खपतच राहिला. तिसऱ्याचंही तसंच. पुण्याच्या ऑफिसात आता अंकिताला तिची मित्रमंडळी विचारायला लागली, "तलाठी काय म्हणतात?"

इथे एक सांगायला हवं. भाऊंच्या आकड्याचा दबदबा आहे, पण त्याची किंमत त्यांनी मोजलेली आहे. नोकरीत असताना आकड्याच्या दिवसांत त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. "साहेब, दोन पैसे कमी लिहा. तुमचं काय जाते?" भाऊ चहा द्यायचे आणि जे दिसलं ते लिहायचे. एका वर्षी एकावन्न दिसले, एकावन्नच लिहिले. त्या वर्षी गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. वहिनींना कोणी दूध देईना, त्या दोन आळ्या ओलांडून दूध आणायच्या. मी त्यांना एकदा म्हणालो, "वहिनी, तुम्ही तरी समजवा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्यायले समजवून झालं, मास्तर. आता गवळ्याले समजवून राह्यली." वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली.

तर यंदा आला तो थोरला.

अंकितानं फोनवर त्याला फ्लॅगशिप म्हटलं होतं. भाऊंनी त्याचं थोरला केलं. "घरात थोरला चालला का बाकीच्यायचं निभते," एवढं त्यांना पुरेसं होतं. कंपनीचा सगळ्यात मोठा गेम, नव्या डब्यासाठी केलेला. चार वर्षं अंकिता त्याच्या मातीत होती. आणि या वेळी नुसता खपाचा प्रश्न नव्हता. थोरला चालला तर त्याचा पुढचा भाग कॅनडात, मोठ्या ऑफिसात होणार होता आणि अंकिताला तिथे तीन वर्षांसाठी बोलावणं होतं. नाही चालला तर तो सगळा गटच मोडणार होता. मग तिकडे जाऊन फसण्यापेक्षा पुण्याची नोकरी बरी, किंवा टाळेबंदीत केलं तसं घाटंजीला येऊन घरून काम करणं बरं. गेम बाजारात यायला महिना होता. होकार मात्र शुक्रवारच्या आत कळवायचा होता. चाखून बघण्यापुरता गेमचा एक तुकडा तेवढा बाहेर आला होता, तो जुन्या डब्यावरही चाले.

"ऑफिसातल्या आकड्यावर माझा भरवसा नाही, बाबा," ती म्हणाली. "तो काढणाऱ्यांच्याच नोकऱ्या त्या गेमवर आहेत. तुम्ही पाहणी करा. साठच्या वर आला तं जाते. नाही तं नाही जात."

रविवारी दुपारी आम्ही शोएबकडे बसलो. शोएबनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, ही अट भाऊंनी स्वतः तपासली. आत वांग्याचा वास सुटला होता. पहिली हाक आली. दुसरी, तिसरी. शोएब घोड्यावर बसून कुठल्याशा उजाड मुलखातून चालला होता. पाचव्या हाकेला खालानं त्याच्या मेलेल्या बापाची आठवण काढली. सातव्याला ती मला म्हणाली, "मास्टर, ये आप का पढाया हुआ है ना?" मी मान खाली घातली. नवव्या हाकेला ती लाटणं घेऊन बाहेर आली, पडद्यासमोर उभी राहिली, आणि मग हळूच शोएबच्या बाजेवर टेकली.

"ये मिट्टी तो अपने इधर की है," ती म्हणाली.

भाऊ पाहणीच्या वेळी पडद्याकडे कधी बघत नाहीत. खेळणाऱ्याकडे बघतात. त्या दिवशी त्यांनी मान वळवली. काळी जमीन होती, उन्हाळ्यात फाटते तशी फाटलेली. भेगा कडेला रुंद आणि आत शिरताना वाकड्या होत्या. घोड्याचा पाय एका भेगेच्या काठावर पडला आणि ढेकूळ आत घरंगळलं. भाऊ खुर्चीवरून थोडे पुढे सरकले. वहीत हाका लिहायच्या होत्या, त्या मी मोजल्या.

निघताना खालानं त्यांना सहज विचारलं, "भाई, आप को कौन आवाज देता है खाने के लिए?"

"माहं काय," भाऊ म्हणाले. "भूक लागली का जेवतो."

खालानं ताट वाढायला घेतलं. भाऊ बसले नाहीत, मुकुटबनची गाडी धरायची म्हणून निघाले. मी कोऱ्या पानाखाली सही करून घरी आलो.

बुधवारी शाळा सुटायच्या वेळेस अंकिताचा मला फोन आला. "सर, तुम्ही पंच होते ना?"

"होतो की."

"बाबांनी अठ्ठेचाळीस सांगितले. मी उद्या नाही म्हणून कळवते." मग म्हणाली, "सर, चार वर्षं केलं मी ते. एवढं वाईट झालं का?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि तसाच भाऊंकडे गेलो. मला राग आला होता. माझी सही होती त्या पानावर. भाऊ ओट्यावर बसले होते, समोर वही मिटलेली.

"भाऊ, नऊ हाका झाल्या. मी मोजल्या. मुकुटबनला किती?"

"आठ."

"यवतमाळला?"

"तिथं तं हाक मारणारीच खेळत बसली. पुरे शंभर."

"मग अठ्ठेचाळीस कुठून आले? खालची सही माझी आहे, भाऊ. पोरीला वाटतंय तिनं चार वर्षं वाया घालवली."

रस्त्यावरून बकऱ्या गेल्या, त्या जाईपर्यंत भाऊ बघत राहिले.

"मास्तर, बत्तीस वर्स लोकं या ओट्यावर बसले. पाया पडले. म्या कोणाचं आयकलं नाई. तुमच्या वहिनीचंबी आयकलं नाई." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "सोमवारी मीच येऊन बसलो इथं. म्हटलं, साहेब, पन्नासच्या आत लिहा. अन् साहेबानं लिहून देल्लं."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

"पन्नासच्या आत असलं का मदत येते ना," भाऊ म्हणाले. "बत्तीस वर्स दुसऱ्यायले सांगितलं. म्हटलं, आपल्यालेही येईन."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. माझा मुलगा आणि सूनबाई माझ्याजवळ राहतात. घरात मला जेवायला बोलावतात आणि मी पेपर वाचतोय म्हणून त्यांच्यावर खेकसतो. भिंतीपलीकडे हा माणूस सहा वर्षं एकटा जेवत होता आणि मी त्याच्या आकड्यांचे किस्से शाळेत रंगवून सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांना म्हणावंसं वाटलं, राहू द्या अठ्ठेचाळीस, कोणाला कळतंय. पण फोनवरचा अंकिताचा आवाज कानात होता.

"ती उद्या नाही म्हणून कळवणार आहे," मी म्हणालो.

भाऊंनी मान हलवली. मग चष्मा लावला, फोन काढला आणि मला ऐकू यावं म्हणून तो आम्हा दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवला. पंचासमक्ष बोलायची सवय, दुसरं काय.

"अंकू, आकडा दुरुस्त करून घे. नव्वद."

"नव्वद? बाबा, काल तं अठ्ठेचाळीस म्हणत होते!"

"थोरला नव्वद आहे. जमीन चांगली झाली तुही. भेगा बरोब्बर पडल्या, खालानं वळखल्या. पुढच्या खेपेले भेगेच्या तोंडाशी थोडी पांढरी कर, खारवट दिसते तशी. बाकी काही नाई. तू जाय."

"मंग अठ्ठेचाळीस कोणाचे होते?" अंकितानं विचारलं. पुण्यात इतकी वर्षं राहून तिच्या तोंडी न येणारं 'मंग' एकदम आलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कढीपत्त्याकडे पाहिलं.

"माहे," ते म्हणाले.

तलाठ्याची पोरगी होती ती. तिला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पन्नासच्या आत आहे, बाबा. मंग पाहणी करा लागन. मी हो म्हणून कळवते अन् सुट्टी टाकून येते. जायच्या आधी पंधरा दिवस."

"पाहणीवाले पंधरा दिवस राहत नाईत," भाऊ म्हणाले. "दुपारी येतात, जेवतात अन् जातात. म्या बत्तीस वर्स पाह्यलं."

"मी राहते ना पण."

भाऊंनी दुपट्ट्यानं नाक पुसलं. फोन उचलून त्यावर तळहात दाबला, आणि अगदी हलक्या आवाजात मला विचारलं, "मास्तर, बाजारात अंबाडी आली असन का हो?"